शून्य गळती

आमच्या फ्रिजच्या दारावर पूर्वी गॅसचं सिलिंडर कधी लावलं त्याची चिठ्ठी असायची. मी उद्योजिका झाले आणि चिठ्ठीच्या जागी आलेख आला. महिना उलटला की मी तो नव्यानं छापायची आणि आंब्याच्या आकाराच्या चुंबकाखाली लावायची. आलेखातली रेघ पन्हाळ्याच्या रस्त्यासारखी वर चढत होती, फक्त त्या रस्त्याला निदान वळणं तरी आहेत. घरात ज्याला दूध, कोथिंबीर किंवा कालची आमटी हवी असेल, त्याला आधी माझी प्रगती बघावी लागायची. त्या काळात सिलिंडर ऐन पुरणाच्या दिवशी संपलं, पण उद्योजिकेनं असल्या गोष्टी मनावर घ्यायच्या नसतात.

धंदा सॉफ्टवेअरचा. हे वाक्य मी अजूनही जरा मान ताठ करूनच म्हणते. त्याआधी बरीच वर्षं मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. म्हणजे मी 'फाइल सेव्ह करा' म्हणायची, आणि ती कुठं सेव्ह झाली हे शोधायचं कामही माझ्याकडंच यायचं. पुढं ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला, क्लास बंद पडला आणि मी घरी बसले. रिकामी बाई आणि चालू इंटरनेट एका घरात आलं की काहीतरी होतंच. शेजारणीनं केक सुरू केले. मला केक जमत नव्हते.

सुचलं ते एका लग्नात. नवऱ्याच्या नात्यातलं लग्न होतं. हॉलच्या दारात बघतो तर दोन वऱ्हाडं, दोन बँड, दोन घोडे आणि हॉल एक. मालकानं एकच तारीख दोघांना दिलेली, एकाला भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून आणि दुसऱ्याला पानपट्टीवर उभ्याउभ्या. दोन्हीकडचे मामा एकमेकांच्या अंगावर धावून जात होते, दोन्हीकडच्या बायका मात्र एकमेकींच्या साड्या निरखत होत्या, आणि मी तेवढ्यात विचार करत होते की मंगल कार्यालयं आणि मंडपवाले यांच्यासाठी एक सॉफ्टवेअर करावं. कुठली तारीख कुणाला दिली, किती कढया, पराती, झारे, गाद्या बाहेर गेल्या, किती परत आल्या, सगळं मोबाइलवर दिसलं पाहिजे.

वर्षभर खपून ते केलं. एकरकमी विकायचं नाही, महिन्याच्या महिन्याला थोडे पैसे घ्यायचे, हे मी इंटरनेटवरच्या व्हिडिओंतून शिकले. त्या व्हिडिओंतली मुलं विशीतली, दाढी राखलेली, मागं भिंतीवर हिरवी वेल आणि निळा दिवा. मी त्यांच्यासारखं बसून स्वतःचा एक व्हिडिओ करून बघितला. माझ्यामागं सासऱ्यांचा हार घातलेला फोटो आला. व्हिडिओ कुणाला पाठवला नाही.

विक्रीचं सगळं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. त्यांचं माहेर मुरगूडजवळ, एक बहीण गडहिंग्लजला दिलेली, एक निपाणीच्या अंगाला. ह्या तीन टोकांच्या मध्ये ज्याचा म्हणून हॉल, लॉन किंवा मंडप आहे, तो कुठल्या ना कुठल्या बाजूनं आमचा पावणा लागतोच. नसला लागत, तर सासूबाई लावून घेतात. त्यांचा फोन ठरलेल्या रस्त्यानं जायचा.

"काय गं अक्का, गुडघं कसं हाईत? ... आणि म्हस? व्याली व्हय? रेडी का रेडा? ... बरं, ऐक, आमच्या सुनंनं एक काढलंय. तुझ्या जावयाला सांग घ्यायला. ... काय हाय ते मला बी म्हाईत न्हाय. मोबाइलमधलं हाय. महिन्याला पैसं टाकायचं, बास."

आणि लोक घ्यायचे. सासूबाईंना नाही म्हणणारा माणूस आमच्या नात्यात नाही. पैसे यायला उशीर झाला की त्याच फोन करायच्या, पुन्हा गुडघ्यांपासून सुरुवात करून. म्हशीपर्यंत गाडी पोचायच्या आत माझ्या मोबाइलवर पैसे जमा झाल्याची सूचना यायची.

व्हिडिओतल्या मुलांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती: धंदा मोजायला शिका. नवीन किती आले हे तर कुणीही मोजतं, सोडून किती गेले ते मोजा. इंग्रजीत त्याला चर्न म्हणतात. मी मराठीत गळती म्हणायला लागले. त्यातला एक मुलगा आपली गळती सांगताना जवळजवळ रडकुंडीला आला होता. मला त्याची दया आली. आमच्याकडं गळती शून्य होती. महिनोन्महिने शून्य. मी जेवताना हे जाहीर केलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मग न्हाणीतल्या नळाचं तेवढं बघ आता."

अगदी खरं सांगायचं तर एक जण सोडून गेला होता. पण तो मी धरत नव्हते.

पेठ वडगावचे एक मंडपवाले. मुसलमान घर, आजोबांपासून मंडपाचा आणि भांडी भाड्यानं द्यायचा धंदा, गावात लग्न कुणाचंही असो, मांडव त्यांचाच. ते आमचे पावणे नव्हते. त्यांनी कुठल्यातरी हॉलवाल्याच्या मोबाइलवर माझं सॉफ्टवेअर बघितलं आणि आपणहून फोन केला. पहिल्या दिवसापासून तक्रारी. "भाभी, कढई आणि तिची झाकणी एक धरायची का दोन? तुमच्यात एकच दिसतीया. झाकणी माघारी आली न्हाय तर मी कुणाच्या नावानं बोंबलायचं?" "भाभी, अक्षर केवढं बारीक! मी मांडवात उन्हात उभा असतोय, हापिसात न्हवं." त्यांचा आवाज इतका मोठा की मोबाइल कानापासून वीतभर लांब धरून बोलावं लागायचं. आषाढ लागला आणि त्यांनी पैसे बंद केले. "लग्नंच न्हाईत तर पैसं कशाचं?" तुळशीची लग्नं झाल्यावर पुन्हा सुरू केले, त्याबरोबर तक्रारीही. त्यांच्यामुळं माझ्या सुंदर रेघेला मध्येच एक खळगा पडला. म्हणून मी त्यांना आलेखातून काढून टाकलं. घरचं कार्य असताना आडदांड पाहुण्याला फोटोतून बाजूला करतात, तसं. त्यांचा फोन वाजला तरी आवाज येऊ नये अशीही सोय करून ठेवली, कारण दिवसातून दोनदा स्वतःच्या चुका ऐकून माझ्यातली उद्योजिका खचत होती.

आता नवऱ्याविषयी सांगायला हवं, कारण ह्या आलेखावर त्याचं सगळं ठरलं होतं.

नवरा शिरोलीच्या एका फौंड्रीत तपासणी खात्यात आहे. ओतून आलेला माल हातोडीनं वाजवायचा, उजेडात धरायचा, तडा आहे का छिद्र आहे ते बघायचं आणि पास की नापास ते ठरवायचं. तरुण वयापासून तेच काम, भट्टीच्या धगीत, आठवड्याआड रात्रपाळी. वैशाखात तो घरी आला की आधी अर्धा तांब्या पाणी डोक्यावर ओतून घ्यायचा आणि मग बोलायला लागायचा. पन्नाशी उलटल्यावर रात्रपाळीनंतर त्याला दिवसा झोप येईनाशी झाली. तो तक्रार करणारा माणूस नाही. फक्त जेवताना घास हातात धरून बसायचा, आणि तो घास तोंडाकडं न्यायचा आहे हे त्याला कुणीतरी सांगावं लागायचं.

माझी रेघ चढायला लागली तसा तो फ्रिजसमोर जास्त वेळ उभा राहायला लागला. एके दिवशी म्हणाला, "असंच चढत राहिलं तर मी नोकरी सोडतो. तू घरातनं बघ, मी स्कूटरवरनं गावं बघतो."

मी तत्काळ हो म्हणाले. मला दुसरं काय हवं होतं? पुढचा आलेख लागला तेव्हा त्यानं महिनाच ठरवला. वैशाखाच्या शेवटी नोटीस द्यायची. सोबत काम करणाऱ्या एक-दोघांना सांगूनही टाकलं. आम्ही व्हिजिटिंग कार्डं छापायला दिली. त्याच्या नावाखाली काय लिहायचं यावर दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी 'संचालक' ठरलं. मी आधीच 'मुख्य संचालक' होते.

गंमत अशी की फौंड्रीत एखाद्या दिवशी सगळाच माल पास झाला, तर हाच माणूस घरी येऊन म्हणायचा, "कुणीतरी आज डोळं झाकून काम केलंय." पण फ्रिजच्या दारावरच्या शून्याला त्यानं एकदाही हातोडी लावली नाही. त्याला ती लावायची नव्हती, आणि मलाही.

कार्डं छापून आली, त्या दिवशी शेजारचे काका सहज बसायला आले होते. नवरा कौतुकानं म्हणाला, "अगं, त्यांना दाखव की आपलं." मी ऐटीत मोबाइल काढला, सॉफ्टवेअर उघडलं. पांढरा पडदा. पुन्हा उघडलं. पांढराच. काका म्हणाले, "छान आहे. स्वच्छ."

सॉफ्टवेअर जिथं ठेवलेलं असतं ती इंटरनेटवरची जागा मीही भाड्यानंच घेतलेली, दर महिन्याला बँकेच्या कार्डावरून आपोआप पैसे जायचे. बँकेनं मला नवं कार्ड पाठवून जुनं बंद केलं होतं. नवं कार्ड मी जपून कपाटात ठेवलं होतं, हरवू नये म्हणून. जागावाल्यांनी पैशांसाठी पत्रांवर पत्रं पाठवली, ती क्लासच्या काळातल्या जुन्या ई-मेलवर जात राहिली. शेवटी त्यांनी कुलूप घातलं. आठवडा उलटून गेला होता. ऐन लग्नसराईत माझं सॉफ्टवेअर आठवडाभर बंद होतं आणि ते मला माहीत नव्हतं, कारण त्या आठवड्यात मी स्वतःही ते उघडलं नव्हतं. मी व्हिजिटिंग कार्डांचा रंग निवडत होते.

घाईघाईनं पैसे भरले, कुलूप निघालं. लोकांच्या तारखा, भांडी, सगळा घोळ झाला असणार. मी ठरवलं, एकेकाला फोन करून माफी मागायची. सासूबाई म्हणाल्या, "मी करू?" मी म्हटलं, नको, हे मलाच केलं पाहिजे. पहिला फोन मुरगूडच्या मामेदिरांना, त्यांचा मोठा हॉल आहे.

"भावजी, माफ करा हं. तुमची फार गैरसोय झाली असेल."

"कशाची?"

"सॉफ्टवेअर बंद होतं ना आठवडाभर."

"कुणाचं?"

"आपलं. म्हणजे माझं. तुमच्याकडचं."

"आमच्याकडं काय बंद न्हाय, वैनी. कालच एक लगीन झालं, एक नंबर. परवा साखरपुडा हाय. लाइट बी हाय."

"मग तारखा कशावर बघितल्या?"

"कशावर म्हंजे? भिंतीवर कॅलेंडर हाय की."

"आणि सॉफ्टवेअर?"

"ते हाय की! पैसं टाकतोय न्हवं दर महिन्याला? का थटलंय कुठं?"

"पैसे येतात. पण तुम्ही ते वापरता का?"

भावजी मनानं सरळ माणूस. म्हणाले, "आता तुम्ही घरच्या म्हणून इचारताय, म्हणून सांगतो. वापरायचं काय ठरलं न्हवतं. आत्या घ्या म्हटल्या, घेतलं. गल्लीतल्या मंडळाला देतोय, तालमीला देतोय, तसं तुमाला देतोय. तालमीला दिलं म्हणून काय रोज जोर काढाय जातोय व्हय?"

मी फोन ठेवला आणि पुढचा लावला. गडहिंग्लजचे म्हणाले, छान चाललंय, असंच चालू द्या. निपाणीकडच्या अक्कांच्या जावयांनी मोबाइल बदलून सहा महिने झाले होते, नव्यात माझं सॉफ्टवेअर घालायचं राहूनच गेलं होतं, पैसे मात्र एकदाही चुकले नव्हते. "अक्का ओरडतात ओ," असं ते हळू आवाजात म्हणाले. एका लॉनवाल्यांनी उलट मलाच धीर दिला: "मनाला लावून घेऊ नका. धंदा म्हटल्यावर बंद-चालू असायचंच." कुणी रागावलं नाही. मी त्या दिवशी फोनवर एवढी माया मिळवली की शेवटी माफी कशाची मागतेय तेच मला आठवेना.

मग आठवलं, म्हणून वडगावच्या मंडपवाल्यांचं नाव उघडून बघितलं. खाली खाली सरकत गेलं तरी त्यांचे न उचललेले फोन संपेनात. लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"भाभी! जित्या हाय न्हवं? माझ्या डोक्यात काय काय यून गेलं! अवो, चार गावात माल गेलाय माझा. कुठं किती पराती हाईत मला तरी म्हाईत हाय व्हय? माणसं गोळा करून बसलो, ह्यो म्हणतोय तिकडं धाडल्या, त्यो म्हणतोय इकडं. काल एका वरबापाबरं माझी जुपली, त्यो म्हणतोय झारं दिलंच न्हवतं तुम्ही! बंद करणार हुता तर आधी सांगायचं. ही काय पद्धत झाली व्हय?"

"बंद नाही करणार," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं. पर फोन उचलाय काय हुतंय?"

खरं म्हणजे शिव्या खाऊन मला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आणि लगेच आठवलं, नवऱ्याची नोटीस दोन-तीन आठवड्यांवर आली होती.

नवरा पहिली पाळी करून दुपारी आला. डोक्यावर पाणी ओतून, पंच्यानं मान पुसत स्वयंपाकघरात आला. मी चहा दिला आणि तो संपायची वाट न बघता सगळं सांगितलं. मध्ये थांबले असते तर सांगणं झालंच नसतं. तो ऐकत राहिला. मग उठून फ्रिजपाशी गेला.

"ह्यातले किती जण वापरतात?"

"एक जण."

"कुठं आहे तो ह्यात?"

"तो ह्यात नाही," मी म्हटलं. "त्याला मी काढलाय."

माझा नवरा हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. फ्रिजला पाठ टेकवून उभा राहिला, आणि एकदम रात्रपाळी करून आल्यासारखा दिसायला लागला. मला तो आलेख फाडून खावा असं वाटलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी दारातून सगळं ऐकलं होतं. रागावल्या त्या माझ्यावर.

"एवढं तोंड पाडाय काय झालं? पैसं येतंय का न्हाय?"

"येतात आई, पण ते तुमच्या शब्दासाठी येतात."

"मग? माझ्या शब्दाला किंमत न्हाय व्हय? वापरू देत, न्हाईतर न वापरू देत. त्यानं खुशाल नोकरी सोडावी. मी हाय तोवर कोण बंद करत न्हाय."

एवढं बोलून त्यांनी कनवटीची रक्तदाबाची गोळी काढून तोंडात टाकली आणि माझ्या हातातल्या भांड्यातलं पाणी प्यायल्या. मी आणि नवरा, आम्ही दोघंही त्या गोळीकडं बघत होतो. व्हिडिओतल्या मुलांनी धंदा मोजायच्या इतक्या रीती सांगितल्या होत्या, पण तो सासूच्या रक्तदाबावर मोजायचा असेल तर काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

नवऱ्याला आता मात्र हसू आलं. आईला म्हणाला, "तुला औक्ष भरपूर आहे. पण तेवढ्या बोलीवर मी नोकरी सोडत न्हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "रविवारी वडगावला जाऊ. त्या माणसाला बघायचंय मला."

मंडपवाल्यांचं गोडाऊन म्हणजे पत्र्याची मोठी शेड. आत कळकाच्या बांबूंचे ढीग, कनातींच्या गुंडाळ्या आणि माझ्या उंचीची पातेली. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि बसायच्या आत सुरुवात केली. मोबाइलचा पडदा तडकलेला, त्यावर बोट आपटत ते एकेक दाखवत गेले. झाकण्यांसाठी त्यांनी एक खोटंच गिऱ्हाईक तयार केलं होतं, त्याच्या नावावर सगळ्या झाकण्या मांडून ठेवल्या होत्या. माझ्या सॉफ्टवेअरला जे येत नव्हतं, ते त्यांनी त्याच्याकडून असं वळसे घालून करून घेतलं होतं. मला मनातल्या मनात त्या खोट्या गिऱ्हाइकाची ओशाळवाणी ओळख पटली. माझे बाकीचे सगळे तसेच होते.

"आणि ह्ये बघा," ते एक पातेलं ओढून म्हणाले. बाजूला मोठा पोचा पडलेला. "ह्ये माघारी आलंय का न्हाय? आलंय. मग तुमच्यात म्हणतंय, आलं, हिशोब मिटला. पर आता ह्यात मी काय भात शिजवू? पोच्याचं कुणी इचारत न्हाय तुमच्यात."

नवरा खुर्चीवरून उठला. पातेल्याजवळ उकिडवा बसला आणि पोच्यावर बोटाच्या पेरानं ठकठक केलं. मग शेजारच्यावर. मग एका कढईच्या कडेवर. "हिला तडा आहे," तो म्हणाला. "ही मोडीतच. हे ठोकून नीट होईल, हे पास. तुम्ही तिन्ही एकातच टाकताय."

"मी न्हाय, भाभी टाकत्यात," मंडपवाले म्हणाले.

त्यानंतर ते दोघं माझ्याशी बोललेच नाहीत. पास, दुरुस्ती, मोडीत, असे तीन ढीग पडायला लागले. माल निघताना बघायचा की परत आल्यावर, पोचा कुणाच्या माथी मारायचा, ह्यावर दोघांचे आवाज चढले. मी वहिनीपणानं मध्ये दोन शब्द घालायचा प्रयत्न केला, तर दोघांनीही हातानं थांबवलं. मी चहा संपवला आणि लिहून घेत बसले.

निघताना मी भीत भीत विचारलं, "तुमच्या धंद्यातल्या आणखी कुणाला सांगितलंय का, आमच्याबद्दल?"

"न्हाय."

"का?"

"लई जण हाईत की, इचारत्यात बी. पर आत्ता सांगितलं तर मलाच शिव्या बसतील. ह्ये पोच्याचं करा, अक्षर मोठं करा, मग सांगतो. न्हाय केलं तर मी बी बंद करणार, आधीच सांगून ठेवतो."

परतताना स्कूटर नवरा चालवत होता. वाठारच्या अलीकडं म्हणाला, "ह्या माणसानं तुला किती फोन केले असतील?"

"पुष्कळ."

"मी आमच्या साहेबांना इतक्या वर्षांत एक केला नाही."

ते मला तेव्हा नीट कळलं नाही. मी आपली अक्षर किती मोठं करायचं ह्याच विचारात होते.

घरी येऊन मी पावण्यांना निरोप पाठवला: वापरत नसाल तर पैसे पाठवू नका, आपलं नातं आहे तसंच राहील. मला वाटलं, लोक सुटकेचा श्वास टाकतील. कसलं काय! मुरगूडहून फोन आला, "वैनी, आमचं पैसं नकोसं झालं व्हय? कोण काय बोललं का?" लॉनवाल्यांनी मुद्दाम दोन महिन्यांचे एकदम पाठवले. मी परत केले, त्यांनी पुन्हा पाठवले. कोल्हापूरकराला गिऱ्हाईक करणं सोपं आहे, पण 'तू आता गिऱ्हाईक राहू नकोस' असं सांगणं म्हणजे जेवत्या पानावरून उठवणं. शेवटी सासूबाईंनाच साकडं घालावं लागलं. आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. मग एका सकाळी मोबाइल घेऊन बसल्या आणि एकेकाला सांगायला लागल्या, "आता टाकू नका पैसं. ... न्हाय, भांडण न्हाय झालं. ... अगं, तिला वापरणारी माणसं पायजेत म्हणं. असतंय एकेकाचं."

पुढच्या महिन्याची रेघ मी छापलीच नाही. ती पन्हाळ्याच्या बुरुजावरून थेट खाली उडी मारल्यासारखी आली असती.

वैशाखाचा शेवटचा दिवस आला. नवऱ्याची पहिली पाळी होती. मी डबा भरला, त्यानं तो घेतला आणि नेहमीसारखा गेला. आज तो नोटीस देणार होता, ती तो देणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून आम्ही भाजीबद्दल बोललो. दिवसभर माझं कामात लक्ष लागेना. पोच्यासाठी एक चौकट केली, पुसली, पुन्हा केली.

तो आला तो चढलेल्या आवाजात. मला वाटलं, कुणाशी तरी भांडून आला. आलाच होता. जेवणाच्या सुट्टीत तो थेट साहेबांच्या खोलीत गेला आणि म्हणाला, मला रात्रपाळी झेपत नाही, भट्टीजवळ उभं राहणं झेपत नाही, मला तयार मालाच्या शेडमध्ये दिवसपाळीची तपासणी द्या. सगळं एका दमात, मोठ्यानं.

"मग?"

"साहेब म्हणाले, आधी का बोलला नाहीत? त्या शेडमध्ये माणूस कधीपासून हवाय त्यांना." चप्पल काढता काढता तो थांबला. "मला वाटायचं, आपण बोललो तर त्यांना वाईट वाटेल."

मला एकदम मुरगूडचे भावजी आठवले. मग तो आत जाऊन डोक्यावर पाणी न ओतताच जेवायला बसला.

आता तो संध्याकाळी सहाला घरी असतो. रविवारी वडगावला जातो, पोच्याचं आणि अक्षराचं केल्यावर तिथले अजून दोन मंडपवाले गिऱ्हाईक झालेत, तेही आवाजानं मोठे आहेत. बाकीच्या दिवशी हातात वेळ राहतो आणि तो माझ्या स्वयंपाकघरात उभा असतो. काल त्यानं तव्यावरून उतरलेली भाकरी खिडकीच्या उजेडात धरली, कडेला बोटानं वाजवली आणि बाजूच्या ताटलीत ठेवली.

"ही काय?" मी विचारलं.

"दुरुस्ती," तो म्हणाला.

मी ती त्याच्याच पानात वाढली. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि कुणी सांगायची वाट न बघता खाल्ली.